साडेअकरा किलो चित्रकला

सगळं सुरू झालं ते पाण्याच्या पिंपापासून. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि चौथ्या दिवशीसुद्धा ते येईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून एप्रिल लागताच मी दोनशे लिटरचं निळं पिंप विकत आणलं. पिंप दारातून आत आलं (दाराची चौकट थोडी निघाली, पण पिंपाला काही झालं नाही) आणि मग ते ठेवायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला.

"हा प्रश्न पिंप आणायच्या आधी पडतो माणसाला," माझी बायको देवयानी म्हणाली.

घरात पिंपाजोगी जागा एकच होती, न्हाणीघराजवळचा बोळ. तिथं एक लोखंडी ट्रंक आणि तीन खोकी गेली दहा वर्षं मुक्कामाला होती. त्यांत आमच्या काव्याची शाळेतली चित्रकला होती. बालवाडीपासून आठवीपर्यंतची, एकूण एक. भेंडीचे ठसे, हाताचे ठसे, एक पायाचा ठसा (तो चित्रात नव्हता, चित्रावर पडला होता), कापूस चिकटवलेली मेंढी, मसूर डाळीचा मोर. मोराची डाळ किड्यांनी केव्हाच खाल्ली होती. आता तो नुसत्या डिंकाचा मोर उरला होता.

देवयानी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथं फाटकं पुस्तक रद्द करायचं तरी तीन जणांच्या सह्या लागतात, त्यामुळे काहीही फेकणं तिच्या स्वभावातच नाही. मी सरकारी कचेरीत रेकॉर्डला आहे. आमच्याकडे प्रत्येक कागदाला वर्ग असतो. 'अ' वर्ग म्हणजे कायम जपायचं, 'ड' वर्ग म्हणजे वर्षभरात नष्ट करायचं. मधल्या 'ब' आणि 'क' चं काय करायचं ते साहेबांनाही आठवत नाही. म्हणजे एका घरात एक जपणारी आणि एक नष्ट करणारा. लग्न जुळवताना हे कुणी पाहत नाही, पत्रिका पाहतात.

मी आधी काव्याला विचारलं. ती आता नववीत जाणार. तिच्या दोन्ही कानांत कायम काहीतरी खुपसलेलं असतं.

"काव्या, तुझी जुनी चित्रं ठेवायची का टाकायची?"

"टाका की बाबा."

एवढं बोलून ती परत मोबाईलमध्ये गेली. मी हे लेखी संमतीच्या तोडीचं मानलं. देवयानीला मात्र विचारलं नाही. ती काय म्हणेल हे मला माहीत होतं, आणि जे आधीच माहीत आहे ते पुन्हा कशाला विचारायचं?

शनिवारी मला सुट्टी होती. देवयानी ग्रंथालयात गेली, काव्या क्लासला गेली, आणि मी बोळात बसकर टाकून वर्गीकरणाला बसलो. पहिला तास फार हळवा गेला. वीस चित्रं पाहिली, त्यांतली सतरा मी 'अ' वर्गात टाकली. एका चित्रात तर मीच होतो. डोक्यावर चार केस, हातात पिशवी. खाली लिहिलं होतं, 'बाबा भाजी विसरले.' तेसुद्धा मी मोठ्या मनानं 'अ' मध्ये ठेवलं.

अकरा वाजता लाईट गेली. पंखा थांबला. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखा थांबला की माणसाची अभिरुची बदलते. पुढची दीडशे चित्रं मी न बघता 'ड' मध्ये टाकली, आणि मग 'अ' चा गठ्ठा फारच केविलवाणा दिसायला लागला म्हणून तोही त्याच ढिगावर ठेवला. तेवढ्यात गल्लीतून हुसेनसाबची आरोळी आली.

हुसेनसाब आमच्या गल्लीचा जुना रद्दीवाला. पांढरी दाढी, तीनचाकी टेम्पो आणि एक आकड्याचा तराजू. तराजू लावण्याआधी त्यानं वरचं चित्र उचलून पाहिलं.

"सायब, हे बच्चीचं दिसतंय. भाभींना विचारलं ना?"

"घरातले निर्णय मी घेतो," मी म्हणालो. (हे वाक्य मी गल्लीत जरा मोठ्यानं म्हणालो.)

"तसं न्हाय, मागनं लोक परत येतात म्हणून विचारलं," तो म्हणाला आणि तराजू वर उचलला. "साडेअकरा किलो."

साडेअकरा किलो! जन्मली तेव्हा मुलगी अडीच किलोची होती. चित्रकलेनं तिच्यापेक्षा चांगलं बाळसं धरलं होतं.

संध्याकाळी देवयानी आली. बोळात पिंप ऐटीत उभं होतं. तिनं विचारलं, "आणि चित्रं?"

"सगळी मार्गी लावली," मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं वाक्य बोलवेना. "खरंच? एकट्यानं? कपाटात लावली का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ती चहा ठेवायला गेली. मी पिंपाकडे बघत उभा राहिलो.

मंगळवारी ती घरी आली ती नाचायची बाकी होती.

"अहो, चित्रकलेचे रुद्रप्पा सर रिटायर होतायत! शाळेनं त्यांच्यासाठी प्रदर्शन ठेवलंय, सरांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांच्या जुन्या चित्रांचं. रविवारी. आणि गंमत म्हणजे कुणाकडेच फारसं काही उरलेलं नाही. लोकांनी टाकून दिलं हो सगळं! कसे असतात ना पालक?"

"कसे असतात," मी म्हणालो.

"मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, आमच्याकडे पहिलीपासूनचं सगळं आहे. बाईंनी आपल्याला अख्खा बोर्ड दिलाय. वर नाव येणार, 'काव्या: पहिली ते आठवी.' बारा चित्रं मागितलीयत. उद्या बसून काढूया."

खरं सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलंही. पण तिचा फोन वाजला आणि ती कुणाला तरी सांगायला लागली, "नाही हो, आमच्या ह्यांनीच सगळं लावून ठेवलंय. ह्यांना कागदांची फार शिस्त." माणसाची अशी स्तुती सुरू असताना मध्ये बोलणं मला बरं वाटलं नाही.

"तू नको त्रास घेऊ," ती फोन ठेवताच मी म्हणालो. "चित्रं मीच निवडून शाळेत लावतो. तू रविवारी थेट बघायलाच ये."

सोळा वर्षांच्या संसारात मी स्वतःहून कुठलं काम मागून घेतल्याची ही पहिलीच वेळ. तिला संशय यायला हवा होता. तिला भरून आलं.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी विजापूर वेशीत हुसेनसाबचं दुकान गाठलं. तो मला बघून उठलाच.

"बोला. भाभींनी पाठवलं ना?"

"अजून तिला कळलेलं नाही."

"तर मग जल्दी करा. पतला माल सोमवारीच ट्रकात गेला. जाड कागद आसरा चौकात बिरदेव भजीवाला घेऊन गेला. उसकू जाड कागद लगता, तेल खाली उतरत न्हाय म्हणून."

आसरा चौकात बिरदेवच्या गाडीभोवती ही गर्दी. लोक उभ्याउभ्या भजी खात होते आणि प्रत्येकाच्या हातात माझ्या मुलीचं बालपण होतं. एक गृहस्थ 'माझी सहल' वर मिरची ठेवून खात होता. दुसऱ्यानं 'सूर्योदय' चुरगाळला, त्याला बोटं पुसली आणि फेकून दिला. मी तो उचलायला वाकलो, तर तो म्हणाला, "पायजे का? भजी संपली त्यातली."

मी बिरदेवला म्हणालो, "तो कागदांचा गठ्ठा मला हवाय. सगळा."

"कागद न्हाय इकत मी, भजी इकतो," तो कढईतून मान न काढता म्हणाला. "भजी घ्या, खाली कागद येतोय की."

"अहो, नुसते कागद द्या. माझ्या मुलीची चित्रं आहेत ती."

"मग रद्दीत कशाला घातली?"

मागं उभी असलेली चार माणसं माझ्याकडे वळली. हा प्रश्न घरी विचारला जाणारच होता, चौकात विचारला जाईल असं वाटलं नव्हतं.

"बरं, एक प्लेट द्या. त्या इंद्रधनुष्यावर."

"इंद्रधनुष्याव कांदा देऊ का मिरची?"

मी इंद्रधनुष्यावर कांदा घेतला. मग किल्ल्यावर मिरची, फुलदाणीवर बटाटा. भजी टाकून द्यावीत तर बिरदेव डोळे वटारून बघायचा, लई मनापासून तळत होता तो. सातव्या प्लेटीला माझ्या पोटानं संप पुकारला. गठ्ठ्यात अजून काही कागद होते, पण मी गाडीच्या कठड्याला धरून उभा होतो. बिरदेवलाच माझी दया आली असावी. त्यानं उरलेले कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "जावा घरी. लिंबू-सोडा घ्या."

घरी येऊन मोजले. सगळे मिळून नऊ. सात तेलानं इतके पारदर्शक झाले होते, की 'माझी शाळा' डोळ्यापुढं धरल्यावर पलीकडची आमची खरी खिडकी दिसत होती. बिरदेवनं शेवटी दिलेले दोन कोरडे होते, पण त्या दोन्हीवर भेंडीचे ठसे होते, आणि त्याला बालवाडीशिवाय वय नव्हतं. म्हणजे बारापैकी शून्य.

मग माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला आजही लाज वाटते. पण मनाशी विचार असा केला, लहान मुलाची चित्रं म्हणजे काय मोठं? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी. ती तर मीही काढू शकतो की.

गुरुवारी मी पोट बिघडल्याचा रजेचा अर्ज दिला. (शंभर टक्के खरा होता. माझ्या नोकरीतला तेवढाच.) घरात कुणी नव्हतं. ड्रॉइंगचे बारा कागद, खडूची पेटी आणि रंग घेऊन जमिनीवर बसलो. चित्र लहान मुलाचं वाटावं म्हणून मुद्दाम डाव्या हातानं काढायचं ठरवलं. पहिलं डाव्यानं काढलं, दुसरं चुकून उजव्यानं काढलं, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक दिसेना. तेव्हापासून सगळी उजव्यानंच काढली. मुद्दाम वाईट काढायची काही गरज पडली नाही.

निसर्गदृश्य झालं. शाळा झाली. गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा झाला, तो जरा भोपळ्यासारखा आला. वाघ काढला, त्याला पट्टे दिल्यावर तो चादर अंगावर घेतलेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला, म्हणून खाली 'वाघ' असं लिहिलं. मग 'माझी आई' काढायला घेतलं. त्यासाठी देवयानी डोळ्यांसमोर आणायला लागलो, आणि गंमत अशी, की पटकन येईना. रोज समोर असते, पण भुवया कशा आहेत? वेणी डाव्या खांद्यावर असते का उजव्या? मी खडू हातात धरून बराच वेळ नुसता बसलो. मग हळूहळू आठवत गेलं. कपाळावरची छोटी टिकली. हसताना एका गालाला जास्त पडणारी घडी. नाकापाशी जरा गडबड झाली, पण साडी निळी रंगवली (हिरवा खडू तुटला होता) आणि चित्र लांब धरून पाहिलं, तर मला ते चक्क आवडलं. त्या भरात मी खाली लाल पेन्सिलीनं रुद्रप्पा सरांचा शेराही लिहिला. बाकीच्यांना 'ठीक' लिहिलं होतं, याला लिहिलं, 'अतिशय सुंदर!'

प्रत्येक चित्रावर वेड्यावाकड्या अक्षरात काव्याचं नाव टाकलं. लहानपणीचं वाटावं म्हणून एक काना खाऊन 'काव्य' असं लिहिलं.

आता कागद फार नवे दिसत होते. मोबाईलवर पाहिलं, तर कागद चहात बुडवला की जुना दिसतो म्हणे. मी पातेलंभर कोरा चहा केला. घोटभर चाखून बघितला, झकास झाला होता. मग एकेक चित्र त्यात हलकेच बुडवून गच्चीवरच्या तारेवर चिमटे लावून टांगलं. दहा मिनिटांत कडकडीत वाळली.

शेजारच्या गच्चीवरून चंद्रव्वा आजी बघत होत्या. "काय वाळत घातलंय वो?"

"चित्रं आहेत."

"यंदा पापड नाही व्हय?" असं म्हणून त्या आत गेल्या.

शनिवारी दुपारी मी शाळेत जाऊन बोर्ड लावला. शिपायानं टाचण्या दिल्या. खिडकीशेजारचा, भरपूर उजेडाचा बोर्ड होता. मीच लांब उभा राहून पाहिलं आणि मला वाटलं, जमलं बरं का.

रविवारी सकाळी हॉल भरलेला. रुद्रप्पा सर पांढऱ्या शर्टात, गळ्यात हार घालून एकेक बोर्ड बघत फिरत होते. मूळचे अक्कलकोटकडचे, मराठीत बोलता बोलता मध्येच कन्नड शब्द टाकणारे. एकदम शांत माणूस, तीस वर्षं शाळेत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

आमच्या बोर्डापुढं देवयानी पोचली आणि थांबली. तिची नजर एकेका चित्रावरून सरकत 'माझी आई' वर आली. मी मागंच उभा होतो. आता ती ओळखणार, असं वाटलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"हे तिनं दुसरीत काढलं होतं," ती शेजारच्या बायकांना सांगायला लागली. "मला तो दिवससुद्धा आठवतोय. पाऊस होता, शाळा लवकर सुटली होती. ही निळी साडी मी तेव्हा नेसायचे ना! केवढ्या प्रेमानं काढलंय हो. बघा, गालावरची घडीसुद्धा सोडली नाही पोरीनं."

बायका जवळ आल्या. एकीनं फोटो काढला. मला एकाच वेळी अभिमान वाटत होता आणि मान खाली घालावीशी वाटत होती. गालावरच्या घडीचं कौतुक मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते दुसऱ्याच्या नावावर.

काव्या माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. कानांतलं काढून तिनं बोर्ड नीट पाहिला.

"बाबा, यातलं एकपण मी काढलेलं नाही."

"तू लहान होतीस. तुला आठवत नसेल."

"मी बालवाडीतपण माझं नाव बरोबर लिहायचे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझी कुठं आहेत?"

मी सांगितलं. हुसेनसाब, ट्रक, बिरदेव, सगळं. मला वाटलं ती हसेल, तीच तर टाका म्हणाली होती. ती हसली थोडीशी. मग विचारलं, "पांढऱ्या घोड्याचं होतं एक. ते पण गेलं?"

मला कुठलाच घोडा आठवत नव्हता. न बघता टाकलेल्या दीडशांत तो असणार. "गेलं असेल," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली आणि कानांत परत खुपसलं. पण ते 'असू दे' मला पोटातल्या भज्यांपेक्षा जड गेलं. एवढंच म्हणाली नंतर, "आईला मी सांगणार नाही. पण माझ्या बायोलॉजीच्या जर्नलला तुम्ही कधी हात लावू नका."

तेवढ्यात बायकांत गडबड उडाली. खिडकीतून एक काळी रेघ भिंतीवरून खाली आली होती आणि थेट आमच्या बोर्डावर पसरत होती. मुंग्या. शेजारच्या बोर्डांवर एक नाही, आमच्यावर शेकडो. वाघावर होत्या, झोपडीवर होत्या, 'माझी आई' च्या तर गालावर दाट जमल्या होत्या. आणि मला त्या क्षणी आठवलं, की चहा झकास झाला होता, कारण सवयीनं मी त्यात आठ चमचे साखर घातली होती.

देवयानी पदरानं मुंग्या झटकायला लागली. "अय्या, याच चित्राला कशा लागल्या?"

रुद्रप्पा सर शांतपणे पुढं आले. चष्मा वर करून चित्र पाहिलं. मग बोर्डाच्या कोपऱ्यावर बोट फिरवून ते जिभेला लावलं.

"नोडरी, बघा, गोड आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी खालचा लाल शेरा वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मान वळवून हॉलमध्ये पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. बाहेर काही नव्हतं.

निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, "मी तीस वर्षं मुलांना एकच सांगत आलो. चुकलं तरी चालेल, स्वतःच्या हातानं काढा. आज इथं एका कलाकारानं ते फारच मनावर घेतलेलं दिसतंय. हात कच्चा आहे, पण धाडस मोठं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात देवयानीनं वाजवल्या.

चहाच्या वेळी त्यांनी मला खांबाआड बोलावलं.

"काय हो, तीस वर्षांत मी कुणाला 'अतिशय सुंदर' लिहिलेलं नाही. मुलं 'बरं आहे' वर खूश असायची."

"चूक झाली सर."

"कुठली? शेरा लिहिला ती, का साखर घातली ती?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं चित्र मनापासून काढलंय. पण नाक, अय्यो! एक तारखेपासून घरी वर्ग सुरू करतोय. सकाळी, लहान गट. या तुम्ही."

परतताना स्कूटरवर देवयानी मागं बसून 'माझी आई' फ्रेम करायचं बोलत होती. काच कुठली, चौकट कुठली. सात रस्त्याच्या सिग्नलला मी सगळं सांगून टाकलं. रद्दी, भजी, चहा, सगळं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. होटगी रोड मागं पडला. घराच्या दारात उतरल्यावर ती बोलली.

"म्हणजे 'माझी आई' तुम्ही काढलंय."

"हो."

"कुणाकडे न बघता? मनानं?"

"हो," मी जरा आशेनं म्हणालो.

"माझं नाक तुम्हाला असं दिसतं?"

त्यानंतर दोन दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. साडेअकरा किलोंचा हिशेब व्हायचा तो झालाच, तिनं एकेका चित्राचं नाव घेऊन केला, मी खाली मान घालून ऐकला. पांढऱ्या घोड्याचंही नाव तिला ठाऊक होतं. तो तिसरीतला होता, त्याला पाच पाय होते आणि पाचवा पाय का, याचंही कारण काव्यानं तेव्हा सांगितलं होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. हुसेनसाबकडे मी त्यासाठी आणखी दोनदा जाऊन आलो. नाही मिळाला.

तिसऱ्या दिवशी देवयानीनं शिक्षा सुनावली. "नाक नीट जमेपर्यंत सरांकडे जायचं. एकही दिवस दांडी मारायची नाही."

म्हणून मी आता रोज सकाळी सात वाजता रुद्रप्पा सरांच्या ओसरीवर असतो. आम्ही नऊ जण आहोत. बाकीचे आठ माझ्या गुडघ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी सरांनी समोर एक आंबा ठेवला आणि काढा म्हणाले. मी तासभर घाम गाळून काढला. सर आले, बघितलं, काही न बोलता पुढं गेले. माझा चेहरा पडला असणार, कारण शेजारी बसलेल्या इफ्रानं माझ्या वहीत डोकावून पाहिलं. इफ्रा सात वर्षांची, दोन वेण्यांची, बोटं रंगानं माखलेली.

"वाईट वाटून घेऊ नका काका," ती हळूच म्हणाली. "माझं पण आधी असंच यायचं."

मला खरंच बरं वाटलं. "हो? आधी म्हणजे कधी गं?"

ती आपल्या आंब्याला पान काढत म्हणाली, "मला खडू धरता येत नव्हता ना, तेव्हा."